कांदा वधारला की प्रकल्प फळला?

कांदाचाळ (कांदा साठवायची हवेशीर चाळ), ठिबक किंवा आंबा-काजूची वाडी असं काहीतरी अल्पभूधारकांसाठी उभं केलं, आणि आता घरात फरक किती पडला ते मोजायचं आहे. संस्थेपुढे किंवा शेतकरी कंपनीपुढे साधारण तीन वाटा असतात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे आधी-नंतरचं सर्वेक्षण. त्याच घरांत सुरुवातीला एकदा आणि तीन वर्षांनी एकदा जायचं. नाशिकमध्ये हे मला धोक्याचं वाटतं. ८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४मध्ये उठली. पहिली फेरी बंदीआधी आणि दुसरी बंदीत पडली, तर चांगला प्रकल्पही अहवालात बुडालेला दिसणार. फेऱ्या उलट पडल्या तर सुमार प्रकल्पही तरून जाईल. लासलगावच्या कांदा बाजारातला भाव आपल्या खात्यावर जमा होतो, एवढंच.

म्हणून तुलनेची गावं घ्यायची. प्रकल्प न गेलेल्या गावांतही त्याच वेळी तेच प्रश्न विचारायचे, म्हणजे भावातली चढउतार दोन्हीकडून वजा होते. खर्च जवळपास दुप्पट. गाव निवडताना पाणी आधी बघा. निफाडच्या कालव्याखालचं गाव आणि चांदवडचं टँकरवर जगणारं गाव शेजारी मांडून काही कळत नाही. घराला घरही तसंच जुळवायचं: विहीरवाल्यासमोर विहीरवाला. योजनेला अर्ज करणारा मुळातच धडपड्या असतो, ही गोम मात्र उरतेच.

ती काढायची तर चिठ्ठ्या: अर्जदारांतून लाभ कोणाला ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, आणि चिठ्ठी न लागलेले तुलनेला धरायचे. २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना मिळालं, ते याच प्रयोगपद्धतीसाठी. शंभर अर्ज आणि चाळी चाळीसच असतील, तर चिठ्ठी काढणं न्यायाचंही ठरतं. पण चिठ्ठी लागलेला आपल्या चाळीत चिठ्ठी न लागलेल्या सख्ख्या भावाचाही कांदा भरतो, मग तुलनेतलं घर कोरं राहत नाही. अर्ज चाळींपेक्षा जास्त नसतील, तर या वाटेला जाऊच नका.

खरं भांडण पुढे आहे: मोजायचं काय? बहुतेक जण उत्पन्न म्हणतात. केंद्राच्या नमुना पाहणीच्या ७७व्या फेरीत शेतकरी कुटुंबाचं देशातलं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. घरचं श्रम वगैरे न दिलेला खर्चही धरला, की तेच ८,३३७ झालं. तेव्हा घरच्या बाईची खुरपणी धरणार की नाही, हे पहिल्या फेरीआधीच ठरवा.

आणि विचारणार कोणाला? येवल्याकडच्या एका घरी मी कांदा किती निघाला विचारलं. दादा म्हणाले, "दोन ट्रॅक्टर." ट्रॉली केवढी, ते मी विचारलंच नाही. आतून वहिनींनी बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणून दिल्या, दिवाळीपासूनच्या, सुतळीने बांधलेल्या. त्यावर वजन होतं, भाव होता, हमाली-तोलाई कापलेली होती. माझ्या दोन पानी प्रश्नावलीपेक्षा तो गठ्ठा भारी होता. दुधाचे पैसे मात्र त्यात नव्हते. ते वहिनींनाच ठाऊक.

वेळही बघा. उन्हाळ कांदा चाळीत असताना, सप्टेंबरात गेलात, तर चाळवाला गरीब दिसेल आणि एप्रिलमध्येच विकून मोकळा झालेला श्रीमंत. पेठ-सुरगाण्याच्या वाडीला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात; तिथे तोवर उत्पन्न विचारण्याऐवजी दिवाळीनंतर घरातले किती जण दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर गेले आणि किती महिने, ते विचारा.

हातात दोनशे घरांपुरते पैसे असतील तर मी शंभर प्रकल्पाची आणि शंभर तुलनेची धरीन. त्यातल्या वीस-वीस घरांत दर महिन्याला जाऊन वही भरून घेईन, पट्ट्यांचे फोटो काढीन. बाकीच्यांकडे नोव्हेंबरात, चाळी रिकाम्या झाल्यावर.