मॅन्युअल टेस्टिंग : शीट भरून करायचं की मोकळं?

ऑटोमेशनचं (प्रोग्राम लिहून सॉफ्टवेअर तपासायचं) सोडा, आमच्यासारख्या छोट्या टीमला ते आत्ता झेपत नाही. हातानंच तपासायचं तर एक्सेलमध्ये टेस्ट केस (काय करायचं आणि काय यायला पाहिजे) लिहून तशाच चालवायच्या, का एक्सप्लोरेटरी करायचं, म्हणजे स्टेप न लिहिता वापरत वापरत चुका शोधायच्या, एवढंच बोलू. बेळगावातल्या उद्यमबागच्या कारखान्यांसाठी केलेल्या बिलिंग अ‍ॅपवर मी दोन्ही केलंय.

शीट वाईट नाही ओ. नवीन पोरगं आलं की हातात द्यायची, ते लगेच कामाला लागतं. क्लायंटनं काय काय तपासलं विचारलं तर दाखवायला काहीतरी असतं. आणि कराच्या बाबतीत तर पाहिजेच, कोल्हापूरच्या गिऱ्हाईकाला आयजीएसटी (दुसरं राज्य), चिकोडीच्याला सीजीएसटी-एसजीएसटी (आपलंच कर्नाटक), इथं अंदाज चालत नाही.

पण स्क्रीन बदलते आणि शीट तशीच राहते, ह्याचा मला जाम वैताग आला. डेव्हलपरनं मधलं एक पान काढून टाकलं तरी स्टेप ४ मध्ये ते पान अजून उघडतंयच, मग टेस्टर मनातल्या मनात जुळवून घेतो आणि पास लिहितो, आणि रिलीज तोंडावर आलं की वरच्या सेलमध्ये पास लिहून कोपरा धरून खाली ओढतो, सगळी शीट हिरवीगार, मिटिंगमध्ये सगळे खूश! बरं, शीट दुरुस्त करत बसलं तर अ‍ॅप उघडायचंच राहतं.

एक्सप्लोरेटरीत चार्टर (आज काय तपासायचं ते) एका ओळीचा, 'जुन्या गिऱ्हाईकाचा पत्ता बदलून बिल काढणे', बस. टेस्टिंगमधल्या जेम्स आणि जोनाथन बाख बंधूंच्या २००० सालच्या पद्धतीत सेशन, म्हणजे तपासायची एक बैठक, साधारण ९० मिनिटांचं, आमच्याकडे चहापर्यंत. असंच करताना सापडलं की जुन्या डेटात जिल्हा 'बेळगाव' आणि ड्रॉपडाऊनमध्ये फक्त 'बेळगावी' (नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला बदललं), त्यामुळं एडिट केलं की जिल्हा कोरा, त्याच्यामागं राज्यपण कोरं, आणि जीएसटी नंबर २९ नं (कर्नाटकचा कोड) सुरू होत असताना गावातल्याच बिलाला आयजीएसटी. असली स्टेप शीटमध्ये कोण लिहिणार सांगा?

नोंदी मात्र तिथल्या तिथं ठेवा, जमलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवा, नाहीतर 'माझ्याकडं चालतंय की' हे ठरलेलं उत्तर. आणि माणूस कंटाळलेला असला तर काहीच सापडत नाही, हेपण खरं.

तुमच्याकडं टेस्टर सारखे बदलत असतील तर शीटच बरी पडेल कदाचित. आम्ही ती कापून कराच्या केसेसपुरती ठेवलीय, त्यातपण स्टेप नाहीत, नुसता इनपुट आणि यायला पाहिजे तो आकडा.