चुंबकाच्या नथीपायी साडेनऊ हजार गेले

महालक्ष्म्यांच्या जेवणाला माझ्या जावेची नथ आंबिलीच्या वाटीत पडली. नथ मी केलेली. तिने पुसून परत लावली, दुसऱ्या घासाला परत पडली. पंगतीतल्या बायका हसल्या, मीही हसले, पण पोटात गोळा आला. कारण तशाच 120 नथी मी आदल्या आठवड्यात कुरिअरने पाठवून बसले होते.

झालं असं की श्रावणात मोबाइलवर जाहिरात दिसली. घरबसल्या चुंबकाच्या नथी करा, सामान आमचं, तयार माल आम्हीच 40 रुपये नगाने घेऊ. नाक न टोचता लावायची नथ म्हणजे नाकपुडीच्या आत एक बारीक चकती आणि बाहेर नथीच्या मागे दुसरी. मोती ओवायचं काम मला येतंच, लातूरच्या गंजगोलाई बाजारातून मणी आणून मी वर्षभर काही ना काही करत असते. फोनवरची बाई इतकी गोड बोलायची, "ताई, आधी नमुना बघा, मग पैसे भरा." चार चकत्या फुकट आल्या. पोळपाटावर दोन ठेवल्या तर नखभर अंतरावरून टिक करून एकमेकींवर झेपावल्या. बोटाची कातडी मध्ये सापडली तर चिमटा बसला. मी गार!

किटचे 6,500 भरले. मग "परत मिळणारं डिपॉझिट" म्हणून 3,000. इथेच थांबायला हवं होतं. काम देणारा माणूस कामगाराकडूनच पैसे कशाला मागेल, हे आमच्या सासूबाईंनी तेव्हाच विचारलं होतं. "काहून देतीस गं त्यांला?" म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

माल आला. चकत्या तशाच चकचकीत, 3 मिलिमीटर रुंद, 2 मिलिमीटर जाड. पकड जरा ढिली वाटली, पण मला वाटलं सगळ्या एकत्र ठेवल्यामुळे असेल. माझं अज्ञान! नथी पाठवल्या, आठ दिवसांनी निरोप आला: तुमचा माल क्वालिटीत नापास, तुम्ही गोंद चुकीचा लावला, आता "अपग्रेड" किट घ्या, 2,800 भरा.

दीर मोटार रिवायंडिंगचं काम करतात. त्यांना उरलेल्या चकत्या दाखवल्या. त्यांनी एक पक्कडीत धरून फोडली. आतून पाटीसारखी काळी. नमुन्यातली एक फोडली, ती आतून करडी, धातूसारखी चमकणारी. मग मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांनी फुटलेल्या जागा तपासल्या. नमुन्याची बीप वाजली, किटमधली गप्प. "वहिनी, हा फेराइट आहे, जुन्या स्पीकरमधला असतो तो. वरून नुसता मुलामा दिलाय." नमुन्यातला खरा, निओडिमियमचा. हा जोरदार चुंबक म्हणजे निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा मिश्रधातू. तो वीज वाहून नेतो, फेराइट नेत नाही. पक्कड लागायच्या आधीच कळायचं असेल तर सोनाराच्या काट्यावर जा. माझ्या मापाच्या 100 खऱ्या चकत्या साधारण साडेदहा ग्रॅम भरायला हव्यात. किटमधल्या भरल्या जेमतेम सात.

म्हणजे नमुना खरा होता आणि फसवणूक त्या नमुन्यातच होती. चार चकत्या बघून मी हजाराच्या पिशवीवर विश्वास टाकला. आता कुणाकडूनही घेते तेव्हा पिशवीच्या मधून, तळातून उचलून बघते.

गोंदाचं म्हणाल तर त्यात थोडं खरं होतं. निकेलचा मुलामा गुळगुळीत असतो, पॉलिश पेपरने जरा खरवडल्याशिवाय गोंद नीट धरत नाही. पण त्याने पकड वाढत नाही, हे त्या बाईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

एक गोष्ट मात्र किटच्या कागदावर कुठेच नव्हती, तिचा राग जास्त आहे. घरात रांगतं पोर असेल तर ही नथ ठेवूच नका. असे दोन जोरदार चुंबक पोटात गेले तर आतड्याचे वेढे मध्ये चिमटून एकमेकांना धरतात आणि आतड्याला भोक पडतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक दवाखाना, उलटी काढत बसायचं नाही.

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी सरकारचा 1930 नंबर आहे, त्यावर फोन केला, तक्रार नोंदवली. पैसे भरून महिना उलटला होता. तिथल्या माणसाने सांगितलं, त्याच दिवशी केला असता तर खात्यातली रक्कम अडवता आली असती, आता खातं रिकामं आहे. 120 नथी परत आल्या नाहीत. त्या कुठे विकल्या जात असतील, कुणाच्या वाटीत पडत असतील, देव जाणे.

नमुन्यातल्या उरलेल्या तीन चकत्यांपैकी दोन लावून जावेला नवी नथ करून दिली. पडली नाही. संध्याकाळी काढली तर नाक दोन्हीकडून लालभडक. म्हणाली, "आता बया, ह्याच्यापरीस पडणारीच बरी होती की!"