सेलाडॉन, ज्यान की सान्त्साय? आधी भट्टी पाहा

जुन्या चिनी ग्लेझपैकी (ग्लेझ म्हणजे भांड्यावर भाजून चढवलेला काचेसारखा थर) एखादं स्वतः करून पाहायचं ठरलं, की निवड बहुधा रंगावरून होते. लोंगछ्वान सेलाडॉनचा पाचूसारखा हिरवा डोळ्यांत भरतो आणि तोच हवासा वाटतो. पण आपल्याकडची भट्टी विजेची असेल, तर तो हिरवा तिच्यातून सहसा निघणार नाही. म्हणून भट्टी कोणती आणि भांडं कशासाठी, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत.

लोंगछ्वान सेलाडॉन हे चच्यांग प्रांतातलं. त्याचा बहर दक्षिण सुंग राजवटीच्या काळातला (1127–1279). हिरवेपणा येतो तो ग्लेझमधल्या जेमतेम 1 ते 2 टक्के लोहामुळे. भट्टीत प्राणवायू कमी पडला की ज्वाळा लोह ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतात आणि लोहाचा पिवळट-तपकिरी रंग निळसर हिरव्याकडे झुकतो. हे गॅसच्या किंवा लाकडाच्या भट्टीत जमतं. सुरुवातीला वजनाने पोटॅश फेल्डस्पार (एक खनिज) 40 भाग, सिलिका (गारेची पूड) 30, व्हायटिंग (चुनखडीची पूड) 20 आणि केओलिन (पांढरी चिनी माती) 10 हे मिश्रण घ्यावं, त्यावर दीड भाग लाल लोह ऑक्साइड. तापमान 1260 ते 1285 अंश सेल्सिअस. साधारण 950 अंशांपासून हवा कमी करायची, पण बेतानेच. सुरुवातीलाच धुराचा मारा केला तर काजळी ग्लेझखाली अडकते आणि भांडं राखाडी होतं. उलट हवा जास्त राहिली तर रंग शेवाळी किंवा पिवळट येतो.

खरी कसोटी जाडीची आहे. पातळ थर फिका आणि पाणचट दिसतो. सुंग कारागीर कच्ची भाजणी (ग्लेझ देण्याआधीची कमी तापमानाची भाजणी) करून एकावर एक अनेक थर देत. त्या जाड थरातले सूक्ष्म बुडबुडे प्रकाश विखुरतात, म्हणून ती भांडी जेडसारखी मऊ दिसतात. आपणही दोन-तीन थर द्यावेत. मात्र भांड्यावर धूळ किंवा हाताचं तेल असेल, किंवा सुकताना थराला भेगा पडल्या असतील, तर भट्टीत ग्लेझ आक्रसतं आणि माती उघडी पडते. माती पांढरी किंवा फिकट राखाडीच हवी; लाल मातीवर हा रंग मळकट होतो. (आपल्या भाषेतला ‘मर्तबान’ हा शब्द ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून आला. तिथून येणारी हिरवी भांडी ‘मर्तबानी’ म्हणवली जात, आणि विष पडलं की ती तडकतात असा समज होता.)

ज्यान हे फूच्येनमधलं काळं ग्लेझ, चहाच्या वाडग्यांचं. सुंग काळात चहाची पूड घुसळून पांढरा फेस काढत. काळ्या वाडग्यात तो उठून दिसे आणि जाड काठामुळे चहा गरम राही. विजेची भट्टी असणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मूळ वाडगे लाकडाच्या लांबलचक भट्ट्यांत भाजत, पण त्यांच्यातले तेलाच्या थेंबांसारखे ठिपके भरपूर हवेतही, म्हणजे विजेच्या भट्टीतही येतात. सुमारे 1230 अंशांच्या पुढे लोह ऑक्साइड प्राणवायू सोडतं, बुडबुडे लोह घेऊन वर येतात आणि फुटल्यावर पृष्ठभागावर ठिपके उरतात. तेच ग्लेझ आणखी वितळून उभ्या कडेवरून ओघळलं, की सशाच्या केसांसारख्या रेषा उमटतात.

चाचणीसाठी पोटॅश फेल्डस्पार 65, सिलिका 20, केओलिन, डोलोमाइट आणि व्हायटिंग प्रत्येकी 5, त्यावर 8 ते 9 भाग लाल लोह ऑक्साइड. थर जाड द्या. पातळ राहिला तर नुसता तपकिरी रंग मिळतो. भट्टी घाईने विझवली तर फुटलेले बुडबुडे भरून येत नाहीत, खड्डे राहतात. शेवटच्या तापमानावर फार वेळ धरली तर ठिपके वाहून जातात. सुंग वाडग्यांचा तळाकडचा भाग उघडा सोडलेला असतो आणि तिथे ग्लेझची जाड कड थांबलेली दिसते. तसाच तळापासून दीड-दोन सेंटिमीटर भाग मोकळा ठेवा, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीलाच चिकटेल.

सान्त्साय, म्हणजे तीन रंग, हे थांग राजवटीच्या काळातलं (618–907). घोडे, उंट, सेवकांच्या मूर्ती अशा प्रामुख्याने थडग्यांत ठेवायच्या वस्तूंसाठी ते वापरत. शिसं असल्याने ग्लेझ कमी तापमानाला वितळतं: आधी मूर्ती सुमारे 1000 ते 1100 अंशांना भाजायची, मग ग्लेझ 800 ते 950 ला. तांबं हिरवा देतं, लोह मधाळ पिवळा, कोबाल्ट निळा. रंग एकमेकांत वाहतात, हीच त्याची शोभा. म्हणून अनेक मूर्तींचे चेहरे ग्लेझशिवाय ठेवून नंतर रंगवत.

जेवणाखाण्याच्या भांड्यांसाठी मात्र सान्त्सायचा विचारही करू नका. लिंबू, चिंच, लोणचं अशा आंबट पदार्थांत शिसं उतरतं, आणि हिरव्यातल्या तांब्यामुळे ते आणखी सहज सुटतं. शिसं हाताळणं भांडं करणाऱ्यालाही घातक आहे. शिसेविरहित बोरॉन फ्रिट (आधी वितळवून दळलेली काच) वापरून शोभेची मूर्ती करता येते, पण तिच्यात शिशाच्या ग्लेझची खोली पूर्णपणे येत नाही. जुनं तिरंगी भांडं विकत घेतलं असेल, तर ते कपाटातच ठेवा. घरी व्हिनेगर ओतून रंग बदलला नाही म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. 4 टक्के ॲसेटिक आम्लात 24 तास ठेवून किती शिसं उतरलं, हे प्रयोगशाळेतच मोजावं लागतं.

निवड कोणतीही असो, पहिल्या भाजणीत चाचणीच्या पट्ट्या उभ्या ठेवा आणि खाली मातीची ताटली द्या. आडव्या पट्टीवर ग्लेझ किती ओघळतं, ते कळतच नाही.