जपानी लीगची तिकिटं ‘घेऊन देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

जपानमधल्या महिला व्हॉलीबॉलची एसव्ही लीग इथून बघणाऱ्या मराठी मंडळींना सध्या एक माणूस गाठतो आहे. आम्हा तिघांचे मिळून १,३८,००० रुपये त्याने नेले. मी पुण्याची, दुसरे कोल्हापूरचे एक क्रीडाशिक्षक आणि तिसरी नाशिकची कॉलेजात शिकणारी मुलगी. पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास चालू आहे. पण तोच मजकूर नव्या नावाने, नव्या नंबरवरून पुन्हा फिरतो आहे असं ओळखीतून कळलं, म्हणून घडलं ते सगळं इथे लिहिते.

हा माणूस आमच्या वाट्याला कसा आला हे कळायला लीग इथून बघणं म्हणजे काय, ते थोडं सांगावं लागेल.

मी शाळेपासून विद्यापीठापर्यंत बूस्टर म्हणून, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी म्हणून, खेळले. जपानच्या मुलींचा खेळ बघायचा तो बचावासाठी. उंचीत त्या युरोपच्या संघांपुढे कमी पडतात, म्हणून चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही यावर त्यांचं सगळं उभं असतं. जोरदार स्मॅश आला तरी मागची मुलगी आडवी पडून तो असा उचलते की बूस्टरला दोन पावलंही हलावं लागत नाही. २०२४ च्या जूनमध्ये बँकॉकला नेशन्स लीग या देशादेशांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्यांनी ब्राझीलला पाच सेटमध्ये हरवलं, अंतिम फेरीत इटलीकडून हरून रौप्य मिळवलं, तेव्हापासून मी त्यांच्या घरच्या लीगकडे वळले. पॅरिस ऑलिंपिकनंतर कर्णधार कोगा सारिना निवृत्त झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जुन्या व्ही लीगच्या जागी एसव्ही लीग सुरू झाली. महिलांचे १४ संघ, प्रत्येकाचे नियमित हंगामात ४४ सामने.

या लीगची मुळं कंपन्यांच्या संघांत आहेत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या बहुतेक मुली निचिबो या कापड कंपनीच्या काइझुका इथल्या संघातल्या होत्या. आजही एनईसी, डेन्सो, तोरे ही नावं संघांच्या पुढे दिसतात. सागामधला हिसामित्सु स्प्रिंग्ज हा संघ तर सालोनपास या वेदनाशामक पट्ट्या बनवणाऱ्या औषध कंपनीचा. आता नावात गाव आणि प्रांतही आले आहेत: रेड रॉकेट्स कावासाकी, तोरे अ‍ॅरोज शिगा, व्हिक्टोरिना हिमेजी. एखाद्या संघावर जीव जडला की त्याचं गावही आपलं वाटायला लागतं. इथे बसून मी शिगाचं हवामान बघत असे.

वेळेच्या बाबतीत आपण नशीबवान. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथला दुपारी दोनचा सामना आपल्याकडे सकाळी साडेदहाला. सामने बहुतेक शनिवार-रविवारी, एकाच मैदानावर, एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ. शनिवारी हरलेला प्रशिक्षक रविवारी काय बदलतो, हे बघण्यात खरी मजा आहे.

अडचण सामना संपल्यावर सुरू होते. जपानमधल्या वाहिनीचं सशुल्क प्रक्षेपण जपानबाहेर उघडत नाही. संघाचा टॉवेल किंवा टी-शर्ट घ्यायला जावं तर दुकान फक्त देशांतर्गत पत्त्यावर पाठवतं. तिकिटाच्या मोठ्या संकेतस्थळांवर खातं उघडताना तिथला मोबाईल नंबर मागतात, पैसे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात भरायचे असतात, आणि मोठ्या सामन्यांना आधी फॅन क्लबच्या सभासदांची पाळी, मग सोडत, मग उरलं तर खुली विक्री. ‘तिथे आपलं कुणी असतं तर’ हे वाक्य या लीगचा प्रत्येक परदेशी चाहता कधी ना कधी म्हणतो. तो माणूस नेमका त्या वाक्याची वाट बघत बसलेला असतो.

त्याने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. वाचणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण फसवणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अडाणी थापा येतात. हा माणूस तसल्या थापा मारत नव्हता. चाहत्यांच्या एका गटात तो आला तो आपण टोकियोत निशी-कासाईला राहतो, आयटीत आहे, मूळचा साताऱ्याकडचा असं सांगत. निशी-कासाईला भारतीय मंडळी खूप आहेत, मराठीही आहेत, हे आपल्याला माहीत असतंच. सोडतीचे नियम त्याला पाठ. कोणत्या संघात कोण बूस्टर, कुणाचा गुडघा दुखतोय, सगळं ठाऊक. मराठी स्वच्छ. मला ‘ताई’ म्हणायचा, कोल्हापूरच्या सरांना ‘सर’, नाशिकच्या मुलीला ‘तू’.

हिवाळ्यात त्याने मला एक टॉवेल पाठवला. २,४०० रुपये घेतले, आणि टॉवेल खरोखर आला. टपालाचा ट्रॅकिंग नंबरही अस्सल होता, दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी जपानची दोन अक्षरं, जपान पोस्टच्या संकेतस्थळावर टाकला की पाकीट कुठे आहे ते दिसायचं. सरांना त्याने कार्यक्रमपत्रिका पाठवली, नाशिकच्या मुलीला गळ्यातली पट्टी. गटात सगळ्यांनी त्याचे आभार मानले. आज पाहता ती त्याची गुंतवणूक होती. पाच-सहा हजारांच्या वस्तूंवर त्याने सगळ्या गटाचा भरवसा विकत घेतला.

मग आली बाद फेरी. नियमित हंगामातले वरचे आठ संघ तिच्यात जातात आणि शेवट एप्रिल-मे मध्ये होतो. मे महिन्याच्या सुरुवातीला जपानमध्ये ‘गोल्डन वीक’च्या सुट्ट्या लागून येतात, हॉटेलं भरलेली असतात, दर चढलेले असतात. हेही खरं. आम्ही तिघं स्वतंत्रपणे जायचा विचार करत होतो. व्हिसासाठी प्रवासाचा कार्यक्रम द्यावा लागतो, म्हणून राहायची सोय लवकर पक्की करायची होती. त्याने प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं की फॅन क्लबच्या कोट्यातून कोर्टाजवळच्या दोन दिवसांच्या जागा आणि जवळच्या हॉटेलातली खोली मिळून ४६,००० रुपयांत होईल, पण उद्या रात्रीपर्यंतच.

सोबत एक अट घातली. “ताई, जपानमध्ये तिकिटांच्या फेरविक्रीवर कडक कायदा आहे. तिकीट माझ्या नावावर निघणार, म्हणून गटात कुठे बोलू नका, नाहीतर माझं सभासदत्व जाईल आणि तुमचं तिकीट रद्द होईल.”

कायदा खराच आहे. जून २०१९ पासून लागू झाला, आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मी शोधून बघितलं, सापडलं, आणि त्याच्यावरचा विश्वास वाढला. पण तो कायदा आहे आयोजकांच्या संमतीशिवाय, मूळ किमतीहून जास्त भावाने तिकिटांचा धंदा करणाऱ्यांसाठी. विकत घेणाऱ्याने गप्प बसावं असं त्यात काही नाही. एका खऱ्या कायद्याच्या धाकाने त्याने आम्हा तिघांना एकमेकांशी बोलू दिलं नाही. अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात हुशारीचं आणि सगळ्यात वाईट काम ते हेच.

पैसे जपानला पाठवले तर खर्च फार येतो, माझ्या भावाच्या इथल्या खात्यावर यूपीआय करा, असं तो म्हणाला. पिन टाकण्याआधी पडद्यावर जे नाव आलं ते त्याच्या आडनावाचं नव्हतं. विचारलं तर ‘मावसभाऊ’ असं उत्तर आलं. पैसे गेले, आणि तासाभरात तिकिटाचं चित्र आलं: संघांची बोधचिन्हं, जागेचा क्रमांक, क्यूआर कोड, जपानी मजकूर.

ते चित्र माझ्या भाचीने बघितलं. ती पुण्यात जपानी शिकते, परीक्षेची दुसरी पायरी नुकतीच झाली होती. जपानी तिकिटावर तारखेपुढे कंसात वाराचं एक अक्षर असतं. चित्रातली तारीख होती रविवारची आणि अक्षर होतं शनिवारचं. तिने बोट ठेवून दाखवलं, म्हणाली, “मावशी, छापील तिकिटात ही चूक होईल का गं?” मी चित्र मोठं करून बघितलं. त्या अक्षराभोवतीचा पांढरा रंग बाकीच्या तिकिटापेक्षा किंचित वेगळा होता. कुणीतरी जुन्या तिकिटावर तारीख चिकटवली होती आणि वार तसाच राहून गेला होता.

मी लगेच कोल्हापूरच्या सरांना फोन लावला. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “मला कुणाला सांगू नका म्हणाला होता हो तो.” त्यांच्याकडच्या चित्रातला क्रमांक आणि माझ्याकडचा एकच निघाला. नाशिकच्या मुलीकडेही तोच. तिघांना एकच खुर्ची विकली होती. त्या मुलीने शिकवणीचे पैसे साठवले होते, आणि ती घरी कुणाला काही बोलली नव्हती. सगळ्यात जास्त राग मला तिथे आला.

त्याला विचारलं तर तो अजिबात गडबडला नाही. हा नुसता नमुना आहे, खरा क्यूआर सामन्याच्या दिवशी उघडतो, म्हणाला. काही तिकिटांच्या बाबतीत हेही खरं असतं! परत पैसे मागितल्यावर म्हणाला की रद्द करण्याचं शुल्क म्हणून प्रत्येकी ९,००० भरा, मग सगळी रक्कम एकदम परत करतो. ही दुसरी पायरी ओळखून ठेवा. कुठे ती ‘कस्टममध्ये पाकीट अडकलंय’ या रूपात येते, कुठे ‘परताव्यावरचा कर’ म्हणून. अडकलेले पैसे सोडवायला आणखी पैसे मागितले की समोरचा चोर आहे, तिथे दुसरी शक्यता उरत नाही. आम्ही भरले नाहीत. त्या रात्री त्याचं खातं गटातून नाहीसं झालं.

१९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तिथे आधी विचारतात तो व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी. हे हाताशी असलं तर रक्कम ज्या खात्यात गेली तिथे ती गोठवायचा प्रयत्न होतो, आणि त्यात मिनिटांना किंमत असते. आमच्या बाबतीत पैसे पोचल्या पोचल्या पुढच्या खात्यांत वळते झाले होते, थोडी रक्कम तेवढी गोठली. ती परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागेल असं सांगितलं गेलं. खातेदार म्हणून जो सापडला त्याने कमिशनवर आपलं खातं वापरायला दिलं होतं. व्हॉलीबॉल कशाशी खातात हेही त्याला माहीत नव्हतं.

बँकेकडून फार आशा ठेवू नका. आपण स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेले असतात, त्यामुळे तिच्या लेखी तो आपल्याच संमतीचा व्यवहार. क्रेडिट कार्डावर पैसे दिले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून वाद घालायला निदान जागा असते. परदेशातल्या कुठल्याही खरेदीसाठी ‘भावाच्या खात्यावर’ यूपीआय मागणाऱ्याला म्हणूनच तिथल्या तिथे नाही म्हणावं, तो कितीही गोड बोलो.

आणि सगळ्यांनी एकमेकांशी बोलावं. गटात कुणी कुणाला पैसे दिले ते उघडपणे विचारावं. ज्याचं काम सरळ आहे त्याला त्याची अडचण होत नाही.

प्रक्षेपणाच्या नावाखालीही असलेच उद्योग चालतात. सामन्याच्या सकाळी संघांची पोस्टर लावलेली पानं ‘थेट प्रक्षेपण’ म्हणून उगवतात, दुव्यावर गेलं की मोफत नोंदणीसाठी कार्डाचा नंबर मागतात. खेळ दिसत नाहीच, कार्डाची माहिती मात्र जाते. जपानबाहेर सामने अधिकृतपणे कुठे दिसतात हे लीगच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावं, आणि ते दर हंगामाला नव्याने पाहावं, कारण हक्क बदलत असतात.

तिकिटांसाठी सगळ्यात सोपी वाट म्हणजे अंतिम फेरीचा हट्ट न धरणं. नियमित हंगामात मध्यम शहरांत, छोट्या क्रीडागृहांत सामने होतात, तिथे कोर्ट जवळ असतं आणि बूस्टरचा आवाजही ऐकू येतो. संघाच्या कार्यालयाला साध्या इंग्रजीत ईमेल करून परदेशातून तिकीट कसं घ्यायचं ते विचारावं. मी पुढे तसं केलं, आणि उत्तर आलं, नम्र आणि मुद्देसूद.

पहिल्या एसव्ही लीगचं महिलांचं विजेतेपद ओसाका मार्वलसने एनईसी रेड रॉकेट्स कावासाकीला हरवून मिळवलं. आम्ही तिघांनीही तो सामना घरूनच पाहिला, फोनवर एकमेकांशी बोलत.

या माणसाचा पहिला मेसेज साधारण असा असतो: ‘नमस्कार, मीही मराठीच, टोकियोला असतो. काही हवं असेल तर सांगा, नफा घेत नाही.’ हा मजकूर तुम्हाला आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट, नंबर आणि यूपीआय आयडी जपून ठेवा आणि तक्रारीला जोडा. पैसे दिले असतील तर त्याच्याशी बोलत बसू नका, आधी १९३० ला फोन करा.