गुळासाठी ईएसआय सोर्स कसा लावायचा: इन्फ्युजन की कॉलम, मेथनॉल की ॲसिटोनायट्राइल?

नवं ट्रिपल क्वाड (रेणूंचे आयन करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) बसलं की कंपनीचा इंजिनिअर येतो, रिसर्पिन (यंत्र तपासायचा ठरलेला पदार्थ) मारून दाखवतो, सिग्नल-टू-नॉइजचा आकडा स्पेसिफिकेशनच्या वर गेला की सही घेतो आणि पुण्याची गाडी धरतो. पुढचं सगळं लॅबच्या अंगावर. रिसर्पिन स्वच्छ द्रावणात सुंदर दिसतं, पण आपल्याकडे कोल्हापूरजवळ शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात बसलेल्या लॅबला रिसर्पिनचे पैसे कोणी देत नाही. नमुने येतात गुळाचे आणि दुधाचे. त्यात गुळाला जीआय (भौगोलिक) मानांकन, वर एक्स्पोर्टची घाई. युरोपात ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. तिथवर पोचायचं तर सोर्सची, म्हणजे नमुना फवारून त्याचे आयन करणाऱ्या भागाची, सेटिंग्ज कंपनीनं दिली तशी ठेवून भागत नाही. मग कोणत्या पद्धतीनं बदलायची, हा इथला प्रश्न.

आधी थोडं मागचं कारण. इलेक्ट्रोस्प्रेत (ईएसआय म्हणतात ते हेच) थेंब सुकत जातो, त्यावरचा भार दाटत जातो आणि एका मर्यादेला थेंब फुटतो. ही मर्यादा रॅलेनं १८८२ मध्येच मांडली होती. त्याच स्प्रेतून प्रथिनांसारखे मोठे रेणू मोजता येतात हे दाखवणाऱ्या जॉन फेन यांना २००२ चं नोबेल मिळालं. आपल्या कामापुरता मुद्दा एवढाच, की थेंबाच्या पृष्ठभागावर जागाही मोजकी आणि भारही मोजका. गुळाचा अर्क त्यात शिरला की रंगद्रव्यं, सेंद्रिय आम्लं, क्षार हे सगळे त्याच भारावर हक्क सांगतात. म्हणून स्वच्छ मेथनॉलमध्ये सापडलेली 'सर्वोत्तम' सेटिंग गुळात सर्वोत्तम राहीलच असं नाही. पुढच्या सगळ्या पर्यायांना मी हाच निकष लावलाय.

इन्फ्युजन की कॉलमवरून?

इन्फ्युजन म्हणजे सिरिंज पंपानं स्टँडर्ड थेट सोर्समध्ये मिनिटाला १० मायक्रोलिटर सोडायचं आणि सॉफ्टवेअरला ऑटो-ट्यून करू द्यायचं, हा सगळ्यात सोपा रस्ता. कोलिजन एनर्जी (आयन तोडायची ऊर्जा) आणि एमआरएम (मूळ आयन आणि त्याचा तुकडा यांच्या वस्तुमानांची जोडी) शोधायला तो उत्तमच. कार्बेन्डाझिमचं १९२ वरून १६०, ॲट्राझीनचं २१६ वरून १७४, हे असंच पटकन हाती लागतं. पण गॅसचं तापमान, नेब्युलायझरचा दाब, कॅपिलरी व्होल्टेज इन्फ्युजनवर ठरवू नका. कॉलम (पदार्थ एकमेकांपासून वेगळे करणारी नळी) चालू असताना सोर्समध्ये मिनिटाला ०.४ मिलिलिटर येतं, म्हणजे चाळीसपट द्रव सुकवायचा असतो. १० मायक्रोलिटरला जे तापमान पुरेसं वाटलं ते तिथं कोमट पडतं.

मधला मार्ग टी-पीसचा: सिरिंजमधलं स्टँडर्ड आणि एलसीचा (द्रव क्रोमॅटोग्राफीचा) प्रवाह एकत्र करायचा, पण मोबाइल फेजचं (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाचं) प्रमाण तुमचा पदार्थ ज्या टक्क्याला बाहेर पडतो तेच ठेवायचं. हा मला सगळ्यात परवडणारा वाटतो. कॉलम काढून थेट इंजेक्शन मारत जाणं याहून वेगवान, पण त्यात मॅट्रिक्सचा, म्हणजे नमुन्यातल्या बाकीच्या घटकांचा, परिणाम कळत नाही.

टी-पीसचा दुसरा उपयोग तर सोडूच नये. स्टँडर्ड सतत सोडत राहायचं आणि कॉलमवर कोऱ्या (कीटकनाशक नसलेल्या) गुळाचा अर्क मारायचा. सरळ चाललेली रेष जिथं खड्ड्यात जाते, तिथं दमन आहे, म्हणजे बाकीचे घटक सिग्नल दाबताहेत. पहिला खड्डा सुरुवातीलाच दिसतो. साखर सी-१८ कॉलमवर थांबत नाही, लगेच बाहेर पडते. फुल स्कॅन घेतला तर ३६५ ला सुक्रोजचं सोडियम ॲडक्ट (सोडियम चिकटून झालेला आयन) आणि ३८१ ला पोटॅशियमचं, दोन्ही उभे. हा भाग डायव्हर्ट व्हॉल्वनं वेस्टला काढता येतो. मात्र ॲसिफेटसारखी पाण्यात रमणारी औषधंही लवकरच बाहेर येतात, त्यामुळं व्हॉल्व कितव्या सेकंदाला वळवायचा हे क्रोमॅटोग्राम समोर ठेवून ठरवावं. ग्रेडियंटच्या (द्रावकाचं प्रमाण बदलत नेण्याच्या) मध्याला गुळाच्या तांबूस रंगाचे आडदांड खड्डे येतात. ते सोर्सच्या बटणांनी भरत नाहीत. तिथं अर्क पाचपट-दहापट पातळ करणं किंवा ग्रेडियंट हलवणं हाच उपाय, आणि यंत्राची संवेदनशीलता चांगली असेल तर पातळ करण्याइतकं स्वस्त औषध नाही.

मेथनॉल की ॲसिटोनायट्राइल?

कीटकनाशकांच्या लांब यादीसाठी माझं मत मेथनॉलला. मेथनॉलची ओढ कमी, त्यामुळं पदार्थ कॉलमवर जास्त वेळ टिकतो आणि बाहेर पडताना भोवती सेंद्रिय द्रावकाचं प्रमाण जास्त असतं. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, मेथनॉलचा २२ च्या आसपास. पाणी कमी झालं की थेंब बारीक होतो, लवकर सुकतो, आयन जास्त सुटतात. शिवाय अमोनियम फॉर्मेट मेथनॉलमध्ये निमूट विरघळतं. किमतीचं तर बोलायलाच नको. २००८-०९ मध्ये जगभर ॲसिटोनायट्राइलचा तुटवडा पडला होता, ते जुन्या लोकांना अजून आठवतं.

ॲसिटोनायट्राइलची बाजू दाबाची. पाणी-मेथनॉलचं मिश्रण निम्म्याच्या आसपास सगळ्यात घट्ट होतं आणि बारीक कणांच्या कॉलमवर दाब सरसर चढतो. तुमचा पंप जुना असेल, ४०० बारच्या पुढं जात नसेल, तर हा वाद तिथंच मिटला. पीकही ॲसिटोनायट्राइलमध्ये बऱ्याचदा जास्त टोकदार येतात. दोन्ही घेऊन पाहायचंच असेल तर पीकचा एरिया मोजून थांबू नका, नॉइजही बघा. गॅस तापवला की कधी कधी सिग्नल वाढतो आणि बेसलाइन त्याहून जास्त वाढते.

फॉर्मिक, अमोनियम की फ्लोराइड?

नुसतं ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड पॉझिटिव्हला (धन आयन मोजताना) बहुतेक पदार्थांना चालतं, सगळ्यांना नाही. आल्डिकार्ब हे कीटकनाशक घ्या. नुसत्या फॉर्मिकमध्ये २१३ ला सोडियम ॲडक्ट, ११६ ला तुटलेला तुकडा, आणि जिथं शोधायला जावं त्या १९१ ला जवळजवळ काहीच नाही. सोडियम ॲडक्ट धड तुटतही नाही, म्हणून एमआरएमला निरुपयोगी. त्यात ५ मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट घातलं की २०८ ला अमोनियम ॲडक्ट उभं राहतं आणि २०८ वरून ११६ व्यवस्थित मोजता येतं. पाणी आणि मेथनॉल अशा दोन्ही बाटल्यांत ०.१ टक्का फॉर्मिक आणि ५ मिलिमोलर फॉर्मेट, ही जोडी पॉझिटिव्हसाठी डोळे झाकून घ्यावी. टीएफए (ट्रायफ्लुरोॲसेटिक ॲसिड) नको, ते आयनांना जोडी लावून सिग्नल खातं आणि नळ्यांतून लवकर जात नाही. फॉस्फेट बफर तर सोर्सजवळ आणूच नये.

निगेटिव्हला (ऋण आयन मोजताना) हिशेब बदलतो. उसातल्या तणावर मारलं जाणारं २,४-डी निगेटिव्हमध्ये २१९ वरून १६१ असं मोजतात. जास्त आम्ल घातलं तर ते कॉलमवर टिकतं पण आयन कमी सुटतात. आम्ल काढलं तर कॉलमवर थांबत नाही. इथं फॉर्मिकऐवजी थोडं ॲसिटिक बरं पडतं. अर्धा ते एक मिलिमोलर अमोनियम फ्लोराइड निगेटिव्हचा सिग्नल चांगलाच वाढवतं, पण ते सौम्य पीएचला वापरायचं, आणि तिथं २,४-डी पुन्हा कॉलमवर टिकत नाही. म्हणजे फ्लोराइड दुधातल्या हार्मोन्ससाठी घ्या, गुळातल्या तणनाशकासाठी नको. आणखी एक: क्वेचर्समध्ये (अर्क काढून साफ करायच्या पद्धतीत) साखर आणि रंग काढायला पीएसए ही पावडर घालतात, ते २,४-डीलाही धरून ठेवतं. मग सोर्स कितीही ट्यून करा, नमुन्यात पदार्थच उरलेला नसतो.

निगेटिव्हमध्ये व्होल्टेज मात्र पॉझिटिव्हपेक्षा कमी ठेवा. पाणी जास्त असताना डिस्चार्ज होतो, करंट एकदम चढतो आणि सिग्नल थरथरतो. मॅन्युअल वाचताना गोंधळू नका: एकाचं कोन व्होल्टेज, दुसऱ्याचं डीक्लस्टरिंग पोटेन्शियल, तिसऱ्याचं फ्रॅगमेंटर, काम साधारण एकच.

एकेक बटण की डिझाइन?

एक घटक बदलायचा, बाकी तसेच ठेवायचे, ही पद्धत तापमान आणि नेब्युलायझर दाबासाठी फसवी आहे, कारण दोन्ही एकमेकांवर अवलंबून असतात. तीन घटकांचं बॉक्स-बेनकेन (घटक एकत्र बदलून पाहायचं प्रयोगांचं डिझाइन) केलं तर मधले धरून १५ रन लागतात. पण यादीतल्या सगळ्यांची सरासरी काढून उत्तर शोधू नका. ज्या चार-पाच पदार्थांची एलओक्यू (भरवशानं मोजता येणारी किमान पातळी) निसटतेय त्यांनाच मत द्या. कार्बेन्डाझिम कुठल्याही सेटिंगला दिसतं. रन स्टँडर्डचे नकोत, कोऱ्या गुळाच्या अर्कात स्पाइक केलेले (मुद्दाम पदार्थ मिसळलेले) हवेत. कोरा म्हणून सेंद्रिय गूळ घेणार असाल तर तो आधी तपासून घ्या. शेवटी त्याच अर्कातला एरिया भागिले मेथनॉलमधला एरिया काढा. समजा ६,००० भागिले १०,००० आलं, तर दमन ४० टक्के. युरोपच्या सान्ते या कीटकनाशक-तपासणीच्या मार्गदर्शिकेत २० टक्क्यांच्या पलीकडे गेलं की कॅलिब्रेशनमध्ये त्याची दखल घ्यावीच लागते, मग कॅलिब्रेशन मॅट्रिक्स-मॅच्ड (कोऱ्या अर्कातच) करा नाहीतर समस्थानिकवालं इंटर्नल स्टँडर्ड विकत घ्या.

डिझाइनमध्ये गॅस वाढवायचं उत्तर आलं तर नायट्रोजनचा हिशेब मांडा. १५० बारचं मोठं सिलिंडर म्हणजे साधारण ७ घनमीटर. सोर्सनं मिनिटाला १५ लिटर खाल्ला तर आठ तासही पुरत नाही. रोज यंत्र चालणार असेल तर जनरेटर हवाच. तो कॉम्प्रेसरवर चालणारा असेल तर जून ते सप्टेंबर टाकीतलं पाणी रोज सोडायचं आणि ड्रायरकडे लक्ष ठेवायचं. गुऱ्हाळं तेव्हा बहुतेक थंड असतात, त्यामुळं फिल्टर बदलणं, कोन धुणं आणि सोर्सचं पुन्हा ट्यूनिंग त्याच महिन्यांत उरकता येतं.