एलईडी मास्क आणि मुरुमं: चार महिन्यांच्या वापरानंतर

निळा-लाल प्रकाश देणारा सिलिकॉनचा मास्क, आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी दहा मिनिटं. चार महिन्यांत लाल, ठणकणाऱ्या, पू धरणाऱ्या पुळ्या बऱ्याच कमी झाल्या. नाकावरचे ब्लॅकहेड्स आणि कपाळावरचे बारीक पांढरे दाणे मात्र होते तिथेच आहेत. ते जाणारही नव्हते. मुरुमांमागचा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जंतू पॉर्फिरिन हे प्रकाश शोषणारं द्रव्य तयार करतो. त्यावर ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा प्रकाश पडला की ऑक्सिजनचं जहाल रूप बनतं आणि जंतू मरतो. तुंबलेलं छिद्र त्यानं मोकळं होत नाही. त्यासाठी रात्री ०.१ टक्का अ‍ॅडापलीनसारखं छिद्रं मोकळी करणारं मलम, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, लागतंच. ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश जास्त खोल जातो आणि सूज उतरवतो.

घेताना दिवे किती आहेत ते मोजत बसू नका. त्वचेवर दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॅट पडतात ते विचारा. ३० असतील तर दहा मिनिटांत १८ जूल मिळतात, ५ असतील तर जेमतेम ३. हा आकडा सांगत नसतील तर तो मास्क घेऊच नका. घालूनही बघा: हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला बऱ्याच मास्कचा प्रकाश पोचत नाही, आणि पाळीच्या आधी येणाऱ्या पुळ्या नेमक्या तिथेच असतात.

चेहरा धुऊन, टिपून, पूर्ण कोरडा करून मगच मास्क. आधी सनस्क्रीन लावलेलं असेल तर तेही धुऊन काढा. क्रीम, औषध सगळं नंतर. फरकासाठी बारा आठवडे धरून चाला. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडणारे पुष्कळ.

आता आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. गव्हाळ, सावळ्या त्वचेला निळा प्रकाश काळपटपणा आणू शकतो. पुळी बसल्यावर तिच्याभोवती चहाच्या डागासारखी कडा उमटायला लागली, तर निळा ताबडतोब बंद करून फक्त लाल चालू ठेवा. दिवसा आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लावा. साधं पांढरं सनस्क्रीन हा दिसणारा प्रकाश फारसा अडवत नाही.

डोळ्यांवर गॉगल हवाच. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीनं असा मास्क बाजारातून परत घेतला होता. डोळ्यांचे काही विकार असलेल्यांना किंवा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं घेणाऱ्यांना इजा होण्याची शक्यता हे त्यामागचं कारण होतं. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन या गोळ्या चालू असतील, ल्युपस हा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मास्क लावू नका. खोल, गाठीसारख्या पुळ्यांनाही हा उपाय पुरत नाही.

दर वापरानंतर आतली बाजू ओलसर मऊ कापडानं पुसा. नाकाजवळच्या दिव्यांवर आठवड्याभरात तेलाचा पिवळट थर बसतो, आणि प्रकाश तिथेच मंदावतो.