तळ्याकाठचा सिक्वेन्सर: सात महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत मिनआयन हा नॅनोपोर सिक्वेन्सर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांतून डीएनएची अक्षरं वाचणारं यंत्र, वापरला. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या साठवण तलावावर उन्हाळ्यात हिरवी साय धरते. ती कशाची, हे गावातच ओळखायचं होतं. यंत्र तळहातावर मावतं, लॅपटॉपला यूएसबीने जोडलं की चालतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी गुराख्याचा फोन आला, "सर, पाण्यावर हिरवा रंग सांडल्यावानी झालंय. म्हशी तोंड लावंनात." नऊ वाजता नमुना घेतला. डीएनए काढणं, पीसीआर (हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती करणं), लायब्ररी (ते तुकडे यंत्रासाठी तयार करणं) यात दिवस गेला आणि रात्री पडद्यावर मायक्रोसिस्टिस हा विष करू शकणारा निळा-हिरवा जिवाणू दिसू लागला. पूर्वी नमुना पुण्याला पाठवायचो. उत्तर येईपर्यंत वारा फिरून साय दुसऱ्या काठाला गेलेली असायची.

खरा घाम डीएनए काढताना गाळावा लागतो. मायक्रोसिस्टिसच्या वसाहतींभोवती बुळबुळीत थर असतो, त्याने बारीक फिल्टर लगेच चोंदतो. 0.2 मायक्रॉनचा सोडून 3 मायक्रॉनचा घेतला, तेव्हा काम सुटलं. वसाहती मोठ्या असतात, त्यात अडकतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. फ्लो सेल, म्हणजे ज्याच्या सूक्ष्म छिद्रांतून (पोअर) डीएनए वाचला जातो तो यंत्राचा भाग, 2 ते 8 अंशांत ठेवावा लागतो. मे महिन्यात कुरिअरवाल्याने खोकं दुपारभर ओट्यावर ठेवलं. तपासणीत निम्म्याहून जास्त पोअर मेलेले निघाले. तेव्हापासून मी स्वतः बर्फाचा डबा घेऊन पार्सल आणायला जातो. मराठवाड्यात हे यंत्र घेणाऱ्याने फ्रीज आणि इन्व्हर्टरचा खर्च आधीच धरावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या 16एस जनुकाची साधारण 1500 अक्षरं वाचून पाण्यात कोण आहे ते कळतं, पाणी विषारी आहे का ते नाही. एकाच प्रजातीत विष करणारे आणि न करणारे असे दोन्ही असतात. म्हणून आम्ही एमसीवायई हे विषनिर्मितीचं जनुकही वाढवून वाचतो. तेही फक्त क्षमता सांगतं. प्रत्यक्ष विष मोजायला एलायझा हे रासायनिक चाचणीचं किट लागतंच. मायक्रोसिस्टिन या त्याच्या विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी आयुष्यभर पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मायक्रोग्रॅम, थोड्या काळासाठी 12 अशी आहे.

एप्रिलमधल्या त्या रात्रीच्या निकालाचा उपयोग मात्र लगेच झाला. सकाळी पंचायतीतले लोक तलावात मोरचूद टाकायला निघाले होते. पेशी फुटल्या की आतलं विष पाण्यात उतरतं, साय नाहीशी होते आणि विष राहतं, हे समजावलं. पाणी उकळूनही हे विष जात नाही, हेही सांगितलं. एलायझाचा निकाल येईपर्यंत गुरांना विहिरीचं पाणी पाजायचं ठरलं.

एकट्या शाळेला किंवा पंचायतीला हे यंत्र झेपणार नाही. सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा असलेल्या तालुक्याच्या कॉलेजने घ्यावं. रोजच्या पाहणीला सूक्ष्मदर्शक पुरतो. पुढच्या फेब्रुवारीत साय धरण्याआधीपासून दर पंधरवड्याला नमुने घेणार आहे, म्हणजे एमसीवायई जनुक पाण्यात कधीपासून दिसतं ते कळेल.